बोरघाटातला पहिला वर्ग

एकाच वेळी सुटणाऱ्या आणि एकाच वेळी पोहोचणाऱ्या वाहनातील प्रवासी निरनिराळे भाडे भरतात, तेव्हा ज्यादा भाडे देणाऱ्याला नेमके काय मिळते, हा प्रश्न हल्ली लांब पल्ल्याच्या विमानांच्या संदर्भात वारंवार विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर शोधण्यासाठी मावळापासून फार दूर जाण्याची गरज नाही. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या बोरघाटाच्या लोहमार्गावर दीडशेहून अधिक वर्षे उच्च वर्गाची सोय विकली जात आहे, आणि या काळात पहिला वर्ग कसा निर्माण झाला, कसा वाढला, कसा नाहीसा झाला व नव्या नावाने पुन्हा कसा अवतरला, हे या एका टप्प्यावर जितके स्पष्ट दिसते तितके ते विमान कंपन्यांच्या झगमगत्या जाहिरातींत दिसत नाही.

लोहमार्ग येण्यापूर्वीही घाटात वर्ग होतेच. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. त्या रस्त्याने धनवंत पालखीत वा घोड्यावर बसून जात आणि बाकीचे बैलगाडीने किंवा पायी जात. मुंबईकडून रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि पुण्याकडून १८५८ मध्ये खंडाळ्यापर्यंत पोहोचली, पण मधला घाट अजून बांधून व्हायचा होता, त्यामुळे पुढची सुमारे पाच वर्षे रेल्वेच्या सर्वच प्रवाशांना खाली उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले आणि ही पायपीट संपली. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या, २५ बोगद्यांच्या आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट अशा तीव्र चढाच्या या मार्गावर एका ठिकाणी इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने पुढे जावे लागे. ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था १९२९ मध्ये मार्ग बदलेपर्यंत चालू होती. तेथे होणारा खोळंबा सर्वांनाच सोसावा लागे, कारण इंजिन फिरवण्याच्या कामात वर्ग नसतो. आजही कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी ज्यादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, सगळे डबे एकाच वेगाने वर ढकलतात, आणि म्हणून घाटात कितीही पैसे मोजले तरी वेळ विकत घेता येत नाही. विकत मिळते ती केवळ जागा, हवा, खाणे आणि इतरांपासूनचे अंतर.

यांपैकी शेवटची गोष्ट सुरुवातीच्या काळात सर्वांत महत्त्वाची होती. वाफेच्या जमान्यातला पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे स्वतंत्र दारे असलेल्या खोल्यांची रांग असे. डब्यातून डब्यात जाण्याची वाट नसे, बैठका गादीच्या व झोपता येण्याजोग्या असत, उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारण्याची सोय असे आणि साहेबाच्या खोलीला लागून त्याच्या नोकरांसाठी वेगळा छोटा कप्पा असे. या व्यवस्थेवरची सर्वांत नेमकी टीका याच मार्गाने जाणाऱ्या एका प्रवाशाने केली. महात्मा गांधी १९१७ मध्ये मुंबईहून मेल गाडीने तिसऱ्या वर्गातून मद्रासला गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी एक पत्रक लिहिले. पुण्यापर्यंत डब्यात त्यातल्या त्यात दाटी कमी होती आणि रायचूरनंतर ती असह्य झाली, असे नोंदवून त्यांनी भाड्याचा हिशेब मांडला: पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक असले, तरी तिसऱ्या वर्गातील माणसाला पहिल्या वर्गातील सुखसोयींचा पाचवाच काय, दहावा हिस्सा तरी मिळतो काय? वर्गांची तुलना करण्याची ही पद्धत आजही उपयोगी आहे, कारण सोय किती आहे एवढ्यावर न थांबता ती भाड्याच्या आणि सोयीच्या प्रमाणाकडे पाहते.

घाटाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाल्यावर धूर आणि कोळशाची कणी यांचा त्रास संपला, आणि १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई-पुणे दरम्यान ‘डेक्कन क्वीन’ ही चैनीची गाडी सुरू केली. प्रत्येकी सात डब्यांचे दोन संच, डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनलेले आणि वरचा भाग कंपनीच्या माटुंगा कारखान्यात बांधलेला, एक संच चंदेरी रंगाचा व लाल रेघांचा तर दुसरा निळा व सोनेरी रेघांचा, असा तिचा थाट होता. तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ती मुळीच उपलब्ध नव्हती, ही गोष्ट आजच्या वाचकाला विशेष वाटेल. १९२ किलोमीटरचा, काही तासांतच संपणारा हा प्रवास. एवढ्यासाठी इतका डामडौल करण्यामागे शारीरिक गरज थोडी आणि घोड्यांच्या शर्यतींच्या दिवसांत पुण्याला जाणाऱ्या मुंबईकर श्रीमंतांचा मान राखण्याचा हेतू अधिक असावा, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

मात्र या गाडीने एक गोष्ट अशी आणली की जिच्यामुळे वर्गांच्या भिंतीला पुढे दार पडले. डबे एकमेकांना जोडणारी बंदिस्त वाट, जिला रेल्वेच्या भाषेत ‘व्हेस्टिब्यूल’ म्हणतात, तिच्यामुळे चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येऊ लागले, आणि म्हणून गाडीतले उपाहारगृह, म्हणजे डायनिंग कार, खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली. एरवी जेवणासाठी एखाद्या स्थानकात उतरून खाण्याच्या डब्यात चढायचे आणि पुढच्या स्थानकात पुन्हा आपल्या डब्यात यायचे, अशी कसरत करावी लागे. डेक्कन क्वीनची डायनिंग कार आजही चालू आहे. टेबलाशी बसून ऑम्लेट, चीज टोस्ट किंवा कटलेट खात घाट उतरणे हा या गाडीचा खास आनंद मानला जातो, आणि तेथे वातानुकूलित डब्यातला प्रवासी व पासधारक शेजारी शेजारी बसतात. सेवेच्या दृष्टीने पाहिल्यास या मार्गावरची सर्वांत टिकाऊ चैन हीच ठरली, आणि ती कोणत्याही एका वर्गाच्या मालकीची राहिली नाही.

वर्गांच्या नावांचा पुढचा प्रवास मात्र मोठा गमतीदार आहे. १ जानेवारी १९४९ रोजी डेक्कन क्वीनचा मूळ पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गाची फेररचना करून त्यालाच पहिला वर्ग म्हटले जाऊ लागले. जून १९५५ मध्ये या गाडीला प्रथमच तिसरा वर्ग जोडला गेला आणि एप्रिल १९७४ पासून तो तिसरा वर्ग दुसरा झाला. म्हणजे पंचवीस वर्षांत दोनदा खालच्या वर्गाला बढती मिळाली, निदान नावापुरती. १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यात बनलेले पोलादी डबे आले. अपघातात एक डबा दुसऱ्यात घुसू नये अशी त्यांची रचना होती, आणि ही सुरक्षितता सर्व वर्गांना सारखीच मिळाली. गाडीचे डबे सातावरून बारा आणि पुढे सतरा झाले. १९९५ मध्ये पहिल्या वर्गाच्या पाच डब्यांऐवजी पाच वातानुकूलित चेअर कार जोडण्यात आल्या. या बदलाने प्रवाशाला धूळविरहित थंड हवा मिळाली आणि रेल्वेला त्या पाच डब्यांत मिळून ६५ आसने ज्यादा मिळाली; याचा उलटा अर्थ असा की प्रत्येक डब्यात सरासरी तेरा माणसे अधिक बसू लागली, तेवढी जागा आक्रसली आणि तरीही ती बढतीच समजली गेली. वर्गांची तुलना करताना एक सुविधा देऊन दुसरी काढून घेण्याचा हा व्यवहार लक्षात ठेवावा लागतो.

विमानांच्या बाबतीत हीच कथा मोठ्या अंतरावर आणि मोठ्या किमतीत पुन्हा घडलेली दिसते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय विमानप्रवास हीच मुळात श्रीमंतांची बाब होती. स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग अटलांटिकवरील विमानांत १९५२ मध्ये आला आणि त्यानंतरच वरच्या वर्गाला वेगळे दिसण्याची गरज भासू लागली. आठ-दहा तासांच्या उड्डाणात जागेचे मोल रेल्वेपेक्षा फार वेगळे असते. आसनांच्या एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचे अंतर, ज्याला ‘पिच’ म्हणतात, साध्या वर्गात साधारण ३१-३२ इंच असते, तर पहिल्या वर्गात माणूस आडवा झोपू शकेल इतके ते वाढते. मोठ्या बोइंग ७७७ विमानात साध्या वर्गाच्या एका रांगेत बहुतेक कंपन्या दहा जणांना बसवतात, तेथे पहिल्या वर्गात चारच जण असतात. घाटातल्या गादीच्या बैठकीचे सुख हे मनाचे समाधान होते. रात्रभराच्या उड्डाणात मात्र पाठ टेकून झोपता येणे ही शरीराची गरज असते, आणि म्हणून विमानातल्या पहिल्या वर्गाची बाजू तुलनेने भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे.

असे असले तरी काही गोष्टी तेथेही विकत मिळत नाहीत. उंचावरून उडताना विमानातील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखला जातो, परंतु तो समुद्रसपाटीइतका न ठेवता जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ होऊ दिला जातो. ही उंची लोणावळ्याच्या सुमारे चौपट भरते. त्यातच हवा अतिशय कोरडी असल्याने नाक व घसा सुकतात आणि मिठाची व गोडाची चव मंदावते. चिनी मातीच्या ताटलीत वाढलेले पहिल्या वर्गाचे जेवण आणि डबीत बंद करून दिलेले साध्या वर्गाचे जेवण ही दोन्ही याच हवेत, याच मंदावलेल्या जिभेने खाल्ली जातात.

पहिला वर्ग नाहीसा होऊन दुसऱ्याने त्याची जागा घेण्याचा डेक्कन क्वीनचा अनुभवही विमानांना चुकलेला नाही. पूर्ण सपाट होणारे पलंगवजा आसन ब्रिटिश एअरवेजने १९९० च्या दशकाच्या मध्यास पहिल्या वर्गात आणले आणि २००० साली तेच खालच्या, म्हणजे बिझनेस वर्गात दिले, तेव्हा पहिल्या वर्गाकडे स्वतःचे असे फार थोडे उरले. आपले वेगळेपण टिकवण्यासाठी त्याला दारे असलेल्या खोल्या, दोघांसाठीचे पलंग आणि एमिरेट्सच्या ए३८० विमानात २००८ पासून चक्क अंघोळीची सोय इथपर्यंत मजल मारावी लागली. ज्यांना ते परवडले नाही त्यांनी हा वर्गच सोडून दिला. एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ विमानांत पहिल्या वर्गाची चार आसने होती. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या तिच्या एअरबस ए३५० विमानांत मात्र बिझनेस, प्रीमियम इकॉनॉमी आणि इकॉनॉमी असे तीनच वर्ग आहेत.

पुण्याच्या बाबतीत तर हे साम्य अधिकच नेमके आहे. तळेगाव व चाकणच्या परिसरात मोटारींचे परदेशी कारखाने उभे राहत होते, त्याच काळात, २००८ मध्ये, लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफुर्ट अशी थेट सेवा सुरू केली आणि ती सुरुवातीला संपूर्णपणे बिझनेस वर्गाच्याच लहान विमानाने चालवली. खालच्या वर्गाला प्रवेशच नसलेले हे वाहन म्हणजे १९३० च्या डेक्कन क्वीनचे आकाशातले भावंड होते, आणि त्यालाही पुढे साध्या वर्गाची आसने जोडावी लागली. आता ती सेवा बंद आहे आणि मावळातून युरोपला जाणारा बहुतेक प्रवासी, त्याचे तिकीट कोणत्याही वर्गाचे असो, द्रुतगती महामार्गाने मुंबईच्या विमानतळाकडे निघतो व खंडाळ्याच्या बोगद्यापाशी वाहतूक तुंबली की सर्वांसोबत तिष्ठत बसतो.

घाटातल्या उच्च वर्गाचा सध्याचा अवतार म्हणजे ‘व्हिस्टाडोम’ डबा. २६ जून २०२१ पासून डेक्कन एक्स्प्रेसला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून डेक्कन क्वीनला तो जोडला जाऊ लागला. काचेचे छत, रुंद खिडक्या आणि गोल फिरवता येणारी ४४ आसने ही त्याची वैशिष्ट्ये. वाळ्याच्या पडद्यांनी बाहेरचे ऊन अडवणाऱ्या जुन्या पहिल्या वर्गाने जे झाकले होते, तेच हा नवा वर्ग उघडे करून विकतो. ही विक्री प्रामाणिक आहे, कारण रुंद काचेतून दिसणारी दरी आणि पावसाळ्यातले धबधबे दुसऱ्या वर्गाच्या गजांच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा खरोखर वेगळे असतात. तरीही मार्ग बोगद्यांचा असल्याने छताची काच बराच वेळ अंधारच दाखवते, धुके दाटले की काहीच दिसत नाही, आणि मंकी हिलजवळ दरड कोसळून गाड्या अडकल्या की सगळे वर्ग पुन्हा एक होतात.

त्यामुळे या डब्याचे मोल आसनापेक्षा वेळेवर अधिक अवलंबून आहे. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी डेक्कन क्वीन हिवाळ्यात घाटात शिरते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि काचेच्या छताखालच्या प्रवाशाला साध्या डब्यातल्या पासधारकापेक्षा तसूभरही जास्त दिसत नाही. घाट पाहण्यासाठी ज्यादा भाडे मोजायचेच असेल, तर वाचकांनी पुण्याहून सकाळी निघणाऱ्या डेक्कन क्वीनचे किंवा मुंबईहून सकाळी सुटणाऱ्या डेक्कन एक्स्प्रेसचे तिकीट काढावे, आणि शक्य झाल्यास जुलै ते सप्टेंबर या काळातले काढावे.