एका अणूच्या जाडीचा पापुद्रा आणि रामन-परिणाम

पेन्सिलीने रेघ ओढली की शिशाचे, खरे म्हणजे ग्रॅफाइटचे, पापुद्रे सुटून कागदावर बसतात. त्यांतला अगदी शेवटचा, एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा काढता येईल काय? मँचेस्टर येथील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीच्या साह्याने तो काढून दाखविला, आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पापुद्र्यास ग्राफीन म्हणतात. षट्कोनी जाळीत बसलेले कार्बनचे अणू, दुसरे काही नाही.

आता अडचण पाहा. ज्या वस्तूला वरची बाजू आहे, खालची बाजू आहे, पण आतला भागच नाही, ती कशावर तरी ठेवावी लागते. आणि ठेवली की बैठकीचा गुण तिला लागतो. फळीखाली वाळूचे दोन कण आले तर फळीला त्याचा पत्ता नसतो. ओल्या मलमलीखाली आले तर ते वर उमटतात. सिलिकॉन-ऑक्साइडवर ठेवलेल्या ग्राफीनची गत मलमलीची. ऑक्साइडात अडकलेले विद्युद्भार, हवेतील ऑक्सिजन व ओल यांच्यामुळे त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त होते. यालाच डोपिंग म्हणतात. ते मुद्दाम करता येते. येथे ते न मागता पदरात पडते. त्याचे माप घेतले नाही, तर आपण ग्राफीनचे म्हणून जे गुण सांगतो ते ग्राफीनचे की बैठकीचे, हेच कळावयाचे नाही.

तारा जोडून हे माप घेता येते. पण तारा जोडणे म्हणजे त्या नाजूक पापुद्र्यावर आणखी एक परका धातू चढविणे. प्रकाशाला तसे काही चढवावे लागत नाही. कलकत्त्यास १९२८ साली रामन व कृष्णन यांनी दाखविले, की एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला असता त्यातला अगदी थोडा, कोटीत एखादा कण, रंग बदलून परततो. जी ऊर्जा त्याने गमावली ती अणूंच्या कंपनात जमा झालेली असते. रंगातला फरक सेंटिमीटरमागे किती लहरी, या मापाने सांगतात.

ग्राफीनच्या वर्णपटात दोन रेखा ठळक दिसतात. १५८० च्या आसपास ‘जी’ आणि हिरवा लेसर वापरल्यास २७०० च्या किंचित अलीकडे ‘टू-डी’. जाळी फाटकी असेल तर १३५० जवळ तिसरी डोके वर काढते. आज तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

‘जी’ म्हणजे शेजारचे अणू परस्परांविरुद्ध हलण्याचे कंपन. हे कंपन आपली ऊर्जा एखाद्या इलेक्ट्रॉनला देऊन त्याला वरच्या रिकाम्या जागी बसवू शकते. डोपिंग नसेल तर ही गळती सतत चालते. कंपन थोडे मंदावते, रेखा रुंदावते. आता पंगतीत बाहेरचे पाहुणे आणून बसवा. समोरची पाने अडली! कंपनाची ऊर्जा घेऊन कोणी तेथे जाऊ शकत नाही; रेखा अरुंद होते आणि वरच्या आकड्याकडे सरकते. गंमत अशी की इलेक्ट्रॉन काढून घेतले तरी हेच घडते. तेव्हा पाने रिकामी असतात, पण उठून जाणारेच नसतात. अर्थात भर पडली की घट झाली, याविषयी ‘जी’ मौन पाळते.

ते मौन ‘टू-डी’ने फोडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिचे संचालकपद १९३३ साली रामन यांच्याकडे आले होते, अजय सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिज व मँचेस्टरच्या मंडळींसह २००८ साली हे प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन काढले की ‘टू-डी’ चढते, पुष्कळ भरले की उतरते. दोन्ही रेखा एकत्र वाचल्या म्हणजे हिशेब लागतो.

पण बैठक केवळ भार देत नाही, ती ओढतेही. तबल्याची वादी आवळली की स्वर चढतो. ग्राफीन ताणले तर उलट, दोन्ही रेखा उतरतात. तबल्यात स्वर पुडीच्या ताणातून येतो. येथे कंपन अणूंमधल्या बंधाचे आहे, आणि ताणलेला बंध सैल पडतो. मग रेखा सरकली ती भाराने की ताणाने? दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१२ साली मांडलेली तोड आम्हांस फार आवडते. ताणामुळे ‘जी’ एक घर हलली तर ‘टू-डी’ सुमारे २.२ घरे हलते. इलेक्ट्रॉन काढल्याने मात्र सुमारे ०.७ च. आलेखकागदावर दोन रेखांचे आकडे मांडले, की ठिपका कोणत्या उताराने घसरला यावरून कारण ओळखता येते.

सिलिकॉन कार्बाइडवर वाढविलेले ग्राफीन थंड होताना दाबले जाते, म्हणून तेथे रेखा चढलेल्या आढळतात. सपाट बोरॉन नायट्राइडवर ते त्या मानाने सुखी असते. आणि खाचेवर अधांतरी पसरलेला पापुद्रा पाहावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००९ साली असे पापुद्रे तपासले गेले. त्याच तुकड्याचा ऑक्साइडवर टेकलेला भाग जागोजागी निराळा आकडा दाखवी. अधांतरी भागात मात्र ‘जी’ खाली व रुंद, आणि जवळजवळ सगळीकडे एकसारखी.