दाढीपूर्व तेल : आधी पाणी, मग तेल

वस्तऱ्याने किंवा सेफ्टी रेझरने दाढी करताना, साबणाचा फेस लावण्यापूर्वी त्वचेवर तेलाचा जो अतिशय पातळ थर दिला जातो, त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलाला दाढीपूर्व तेल म्हणतात. पाश्चात्त्य बाजारपेठेत ते छोट्या बाटल्यांतून बऱ्यापैकी महाग विकले जाते आणि अलीकडे मुंबईतील दुकानांतही ते दिसू लागले आहे. मात्र त्यातील बहुतेक घटक मराठी घरांत आधीपासूनच असल्यामुळे ते घरी तयार करणे अवघड नाही. अडचण आहे ती त्याच्या कार्याविषयीच्या समजुतीची. तेल लावल्याने दाढीचे खुंट मऊ होतात, असे सर्रास सांगितले जाते आणि ते बरोबर नाही. खुंट मऊ करते ते पाणी. तेल पात्याला त्वचेवरून विनासायास सरकू देते. ही दोन कामे वेगळी आहेत हे ध्यानात घेतले, की तेल कोणते निवडावे, किती घ्यावे आणि केव्हा लावावे, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

केस केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या ज्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात, त्यांपैकी हायड्रोजन-बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. ओल्या केसाला दिलेले वळण वाळल्यावर टिकते ते याच कारणाने. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी शोषून फुगतो आणि कोरड्या केसापेक्षा बऱ्याच कमी जोराने कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात, आणि पाणी कोमट असेल तर काम अधिक लवकर होते. केसाच्या चिवटपणाचा पात्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जानलूका रोशोली, जेम तासान आणि सहकाऱ्यांनी करून २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे सूक्ष्म टवके कसे उडवतो, हा त्यांचा प्रश्न होता. केस पात्याखाली वाकला आणि त्याची गाठ धारेतील एखाद्या कमकुवत जागेशी पडली, की टवका उडतो, असे त्यांना आढळले. जुन्या काळचा न्हावी धोकटीतून वस्तरा बाहेर काढण्याआधी बोटांनी बराच वेळ पाणी चोळून दाढी भिजवत असे, त्या सवयीत साबण नसतानाही निम्मे काम उरकले जाई.

तेलाच्या बाजूचे एक महत्त्वाचे संशोधन मुंबईतच झालेले आहे. पॅराशूट हे खोबरेल तेल बनवणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. या तिघांपैकी केवळ खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय प्रमाणात कमी केली, आणि त्याचे कारण त्यातील लॉरिक आम्लात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता : लॉरिक आम्लाची साखळी लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. आत शिरलेले तेल केसाचे पाण्याने फुगणे कमी करते, आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या डोक्यावरच्या केसांना त्याचाच फायदा होतो. दाढीच्या वेळी मात्र केसाने फुगावे, हीच अपेक्षा असते. एवढ्या थोड्या वेळात तेल केसात फारसे मुरत नाही हे खरे. तरीही कोरड्या चेहऱ्यावर प्रथम तेलाचा थर दिला, तर तो पाण्याची वाट अडवतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल, मग उटणे आणि ऊन पाणी असा क्रम असतो, कारण तेथे त्वचेला स्निग्धता द्यायची असते. दाढीसाठी तो उलटा केला पाहिजे.

पाणी कसे आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते, आणि या बाबतीत मुंबईच्या कांजूरमार्ग या उपनगराचा रहिवासी सुदैवी म्हणावा लागेल. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे पाणी मिळते आणि त्यातील फार मोठा वाटा कांजूरमार्गच्या शेजारच्याच भांडुप संकुलात शुद्ध होतो. असे पाणी तुलनेने मृदू असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार कमी असतात. हे क्षार जास्त असतील तर साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, फेस उभा राहत नाही आणि पाते त्वचेला ओढते. ज्या इमारतींत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते, तेथे हा अनुभव नेहमीचा आहे. तेथे तेलाचा उपयोग अधिक जाणवतो. पण साबणाचे अपयश तेलाने झाकण्यापेक्षा दाढीपुरते तांब्याभर नळाचे पाणी बाजूला ठेवणे जास्त शहाणपणाचे.

साबणही या भागाला परका नाही. कांजूरमार्गच्या लगतच्या विक्रोळी स्थानकाभोवती गोदरेज समूहाची वसाहत आहे, आणि प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून अंगाचा साबण बनवण्याचे काम याच समूहाने १९१८ च्या सुमारास सुरू केले होते. तेल आणि साबण मुळात एकाच कुळातले आहेत : तेलातील स्निग्ध आम्लांचा अल्कलीशी संयोग झाला की साबण होतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवून पोटॅशियमची अल्कली वापरतात, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. त्याच फेसात मोकळे तेल जास्त मिसळले तर तो बसतो. तेल थेंबांत मोजायचे, चमच्यांत नाही, याचे कारण हे आहे.

आता तेलांची निवड. मिश्रणाचा मोठा भाग हलक्या, पातळ तेलाचा असावा, आणि त्यासाठी महाराष्ट्रात करडईच्या तेलाइतके सोयीचे दुसरे तेल नाही. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असते, ते त्वचेवर जड वाटत नाही आणि त्याला फारसा वास नसतो. सोलापूर, मराठवाडा या कोरडवाहू पट्ट्याचे हे परंपरागत पीक आज मागे पडत चालले आहे, ही खेदाची गोष्ट आहे. पात्याखाली टिकून राहणारा थर देते ते एरंडेल : रिसिनोलिक आम्लामुळे ते खाद्यतेलांच्या सुमारे दहापट दाट असते. निव्वळ एरंडेल मात्र चिकट असल्यामुळे ते एक पंचमांशापेक्षा जास्त घेऊ नये, आणि घेताना औषधी प्रतीचेच घ्यावे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसला गोठते. कांजूरमार्गच्या हवेत ते जवळजवळ वर्षभर पातळ राहते, परंतु नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटली गोठते. शिवाय मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेवर त्याने छिद्रे बुजण्याचा संभव असतो, तेव्हा अशांनी ते वगळून करडई वाढवावी. मोहरीचे तेल त्यातील तिखट गंधद्रव्यामुळे ताज्या मुंडलेल्या त्वचेला झोंबते, म्हणून ते वर्ज्य समजावे.

औषधाच्या बाटलीवरील मापाच्या झाकणाने १८ मिलिलिटर करडई, ६ मिलिलिटर खोबरेल आणि ६ मिलिलिटर एरंडेल मोजून ३० मिलिलिटरच्या कोरड्या, तपकिरी काचेच्या बाटलीत घालावे. ई-जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल टाचून तिच्यातील द्रव त्यात पिळला, तर तेल खवट होण्याची क्रिया मंदावते. सुगंध हवाच असेल तर सुगंधी तेल एक टक्क्याच्या आत ठेवावे. एवढ्या मिश्रणाला ते जास्तीत जास्त सहा थेंब होतात. लवंग आणि दालचिनी यांची तेले त्वचेला दाहक असतात, आणि लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेल्यास चट्टे उठू शकतात.

काही घरांत कोरफड, कडुनिंब किंवा जास्वंद घालून तेल कढवण्याची रीत आहे, आणि तीच येथे वापरावीशी वाटणे साहजिक आहे. शार्ङ्गधरसंहितेत तैलपाकाचे प्रमाण दिलेले आहे : वाटलेल्या वनस्पतीचा गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल त्याच्या चौपट, आणि काढा किंवा रस यांसारखा द्रव तेलाच्या चौपट. द्रव पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर शिजवणे हे या पाकाचे मर्म आहे. आरंभी तेल तडतडते, कारण ओल्या पाल्यातील पाण्याची वाफ होत असते. हळूहळू आवाज बसतो, तेलावर फेस येतो आणि कल्क बोटांत वळला तर त्याची वात होते. ती वात विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी गेले असे समजावे. ही परीक्षा आजही तितकीच उपयोगी आहे, कारण तेलात पाण्याचा अंश राहिला तर बुरशीला वाव मिळतो. कोरफडीचा ताजा गर नुसता बाटलीत ढवळून ठेवण्याचा सल्ला याच कारणाने घातक आहे.

वापरण्याची रीत थोडक्यात अशी. अंघोळीनंतर, किंवा कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन मिनिटे दाढीवर धरून झाल्यावर, चेहरा न पुसता तीन ते पाच थेंब तेल ओल्या तळव्यांवर चोळून खुंटांच्या दिशेने आणि थोडे उलटेही फिरवावे. गळा आणि हनुवटीखालचा भाग विसरू नये, कारण केस तेथे वेगवेगळ्या दिशांनी उगवतात आणि बहुतेक चिरा तेथेच पडतात. त्यावर ब्रशने फेस चढवून पहिला हात सुलटा मारावा. उलटा हात ज्यांच्या त्वचेत केस आत वळून पुटकुळ्या येतात त्यांनी टाळावा; तेलाने घर्षण कमी होते, आत वळणारा केस थांबत नाही. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये तेल आणि केस यांचा लगदा अडकतो, तो प्रत्येक हातानंतर कोमट पाण्याने धुवावा. विजेच्या शेव्हरला मात्र हे तेल लावू नये, कारण त्याला केस कोरडा आणि ताठ हवा असतो.

प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतील बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. ओली बोटे बाटलीत बुडवू नयेत, ड्रॉपर वापरावा. बाटली न्हाणीघरातील दमटपणापासून व उन्हापासून दूर ठेवावी, आणि करडईचे तेल लवकर खवट होत असल्याने एका वेळी दोन-तीन महिने पुरेल इतकेच करावे. जुन्या रंगासारखा वास येऊ लागला की उरलेले तेल टाकून द्यावे. न्हाणीघराच्या फरशीवर सांडलेले थेंब साबणाने लगेच धुवावेत, विशेषतः घरात वयस्कर माणसे असतील तर.