नकाशा झकास, पण छत्री घ्यायची का?

सकाळी बूट चढवता चढवता टीव्हीवर एक नजर टाकायची आणि छत्री घ्यायची की नाही ते ठरवायचं. हवामानाच्या बातम्यांकडून आपल्याला आणखी काय हवं असतं? ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७५ साली ही सोय केली. मार्क अ‍ॅलन या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्याने काढलेली साधी चिन्हं : काळा ढग, खाली थेंब. सुरुवातीला ती चुंबकाची होती. निवेदक हाताने नकाशावर चिकटवायचे. (कधीकधी टपकन पडायचीही!)

मे २००५ मध्ये त्यांच्या जागी थ्री-डी नकाशा अवतरला. विमानातून फिरल्यासारखा कॅमेरा, सरकणारा पाऊस. एकदम झकास! पण हिरवी जमीन तपकिरी झाली आणि तिरक्या नकाशात लांबचा स्कॉटलंड पार आक्रसला. तिथले प्रेक्षक भडकले. तक्रारींचा असा मारा झाला, की बीबीसीला नकाशाचा कल बदलावा लागला.

फायदा मात्र होता. चिन्ह नुसतं ‘पाऊस’ म्हणायचं; सरकता पाऊस दुपारी कुठे पोचणार तेही दाखवतो. फक्त आपलं गाव स्क्रीनवरून जात असताना तुम्ही बुटाची नाडी बांधत नसलात म्हणजे झालं. नाहीतर खिडकीतून हात बाहेर काढून बघणं आहेच.