बहीतली माहिती बहीतच: छोट्या ऑनलाइन दुकानाचं गोपनीयता धोरण

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या ओळीने उभ्या आहेत. लग्नसराईत तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांची पावलंही इकडेच वळतात. कोणत्या घराने किती सोनं घेतलं, कोणी अडीनडीला काय गहाण ठेवलं, हे जुन्या सराफाला ठाऊक असे आणि ते त्याच्या बहीबाहेर जात नसे. पेढीची पत सोन्याच्या कसावर जेवढी, तेवढीच या मौनावर टिकत असे.

आता समजा, अशाच एका पेढीतल्या मुलाने वेबसाइट काढली आणि सुता, पुतरी, ऐंठी अशा छत्तीसगढी दागिन्यांचे फोटो तिच्यावर टाकले. पुण्यात राहणारी रायपूरची लेक मागणी नोंदवते. तिचं नाव, पत्ता, मोबाइल, कधी पॅन क्रमांक पेढीकडे येतो. या माहितीचं आपण काय करणार, हे तिला लेखी सांगणं म्हणजे गोपनीयता धोरण, अर्थात प्रायव्हसी पॉलिसी. ते बनवायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. एक कोरी वही घ्या.

वहीत आधी फक्त यादी करा: आपल्याकडे कोणाची कोणती माहिती येते आणि ती कुठे पडून राहते. बहुतेकांची यादी वेबसाइटच्या फॉर्मपाशी थांबते, आणि पहिली चूक इथेच होते. खरी माहिती इतरत्र साठलेली असते. आधार कार्डाचा फोटो विक्रेत्याच्या मोबाइलच्या गॅलरीत असतो. चौकशीचा फॉर्म वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर जात असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नोकर दुसऱ्या पेढीवर गेला की त्याच्या फोनमधली गिऱ्हाइकंही सोबत जातात. म्हणून प्रत्येक फोन, प्रत्येक ईमेल खातं, काउंटरवरची चिठ्ठ्यांची फाइलसुद्धा यादीत आली पाहिजे.

यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हे कशासाठी लागतं? पॅनचं उत्तर सोपं आहे. १ जानेवारी २०१६ पासून २ लाखांवरच्या खरेदीला पॅन घ्यावा लागतो. पण ३ हजारांच्या पैंजणांसाठी आधारची प्रत कशाला? ओळख पटवायचीच असेल, तर शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार मागता येतं. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस हे रकाने शुभेच्छा पाठवण्यापुरते असतील, तर ते ऐच्छिक ठेवा. जे घेतलंच नाही, ते आपल्या हातून फुटूही शकत नाही. माझ्या मते सगळ्या धोरणात याहून मोलाचा भाग नाही.

कार्डाचा क्रमांक तर जवळ ठेवायचाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवता येत नाही. त्याच्या जागी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता बदली क्रमांक, वापरला जातो. तरीही फोनवर गिऱ्हाइकाने सांगितलेला क्रमांक कागदावर टिपून घेणारे आहेत. तो कागद आजच फाडा.

माहिती किती काळ ठेवायची? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून बिलं तेवढा काळ राहतील. मागणीपर्यंत न पोचलेल्या चौकशीला मात्र असं कारण नाही. ती कधी पुसणार, ती मुदत स्वतः ठरवा आणि लिहा.

पुढचा प्रश्न: माहिती आणखी कोणाकडे जाते? कुरिअर, पैसे स्वीकारणारी पेमेंट कंपनी आणि हिशेबनीस चटकन आठवतात. विसरतात त्या कुकी. कुकी म्हणजे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूणचिठ्ठी. गूगल अ‍ॅनालिटिक्स किंवा मेटा पिक्सेल लावलं असेल, तर कोणी कोणता हार पाहिला हे त्या कंपन्यांनाही कळतं. वेबसाइट बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा, काय काय जोडलं आहे? आणि मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच राहिला असेल, तर तो आपल्या ताब्यात घ्या.

आता लिहायला बसा. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती नकलेची. मोठ्या कंपनीचं धोरण उतरवून घेतलं जातं आणि त्यात कॅलिफोर्नियाचे कायदे, नसलेली कार्यालयं, कधी मूळ कंपनीचं नावही तसंच राहतं. असं धोरण नसण्याहून वाईट, कारण आपण न पाळलेलं वचन आपल्याच नावाने छापलेलं असतं. अमेरिकेत टॉयस्मार्ट या खेळणी विकणाऱ्या वेबसाइटने गिऱ्हाइकांची माहिती कोणालाही देणार नाही, असं लिहिलं होतं. २००० साली तिचं दिवाळं निघालं, तेव्हा तीच यादी विकायला काढली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि शेवटी यादी नष्ट करावी लागली. तेव्हा वहीतली चार पानं साध्या वाक्यांत उतरवा: काय घेतो, कशासाठी, कोणाला देतो, कधी पुसतो.

संमती वेगळी घ्यावी लागते. 'मला ऑफर पाठवा' या चौकटीत आधीच खूण करून ठेवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी खरेदीच्या संमतीसाठी अशी आधीची खूण मना केली आहे; इथेही तीच शिस्त पाळा. धनतेरसच्या ऑफरसाठी शंभर जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. त्यात प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो आणि कोण सोनं घेतं हे सगळ्यांना कळतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. नवरीचा दागिन्यांसकट फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधीही तिला विचारा. दागिना आपण घडवला असला तरी चेहरा तिचा आहे.

त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क वेबसाइटवर हवा. छोट्या पेढीत तो अधिकारी मालकच असेल. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. त्या ईमेलचा डबा रोज कोण उघडतं, हे आधी ठरवा.

हे सगळं तपासतं कोण? बऱ्याच अंशी आपणच. याला स्वयंनियमन म्हणतात: सरकारने विचारण्याआधी स्वतःला लावून घेतलेली शिस्त. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना आपल्या वेबसाइटवरची फसवी मांडणी तीन महिन्यांत स्वतःच तपासायला सांगितलं, तेही याच वाटेने. पण विकतच्या शिक्क्यावर विसंबू नका. वेबसाइटना गोपनीयतेचा शिक्का देणारी ट्रस्ट-ई ही अमेरिकी संस्था दरवर्षीची फेरतपासणी हजाराहून अधिक वेळा न करताच शिक्के चालू ठेवत होती, असं २०१४ मध्ये उघड झालं. त्यापेक्षा दर दिवाळीला वहीपूजनाआधी आपली ती यादी पुन्हा वाचणं अधिक खरं.

कायदाही जवळ आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि दुकानदारांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती फुटली, तर बाधित गिऱ्हाइकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावं लागेल आणि ७२ तासांत मंडळाला तपशील द्यावा लागेल. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष रक्कम चुकीचं स्वरूप पाहून ठरेल.

या कायद्यानुसार संमती मागताना गिऱ्हाइकाला द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचण्याची सोय हवी. हिंदी आणि मराठी त्यात आहेत, छत्तीसगढी नाही. पण पुतरी घ्यायला गावाहून आलेल्या आजीला तिच्या भाषेत समजावून सांगायला कोणाची हरकत नाही.

आज दुकान वाढवल्यावर एवढं करा: आपल्याच वेबसाइटच्या तळाशी जा, धोरण उघडा आणि त्यात नाव कोणाचं आहे ते वाचा.