हलक्या हाताची ऑस्टिओपॅथी: मुंबईतील फणसवाडीतल्या रुग्णासाठी

काय आहे? सांधे, स्नायू आणि त्यांवरची आवरणे हातांनी ताणून, दाबून सैल करण्याची पद्धत. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली. पहिले विद्यालय १८९२, कर्क्सव्हिल, मिसूरी.

‘हलकी’ म्हणजे? मान किंवा कंबर झटक्याने ‘कट’ वाजवणे नाही. रुग्ण स्वतः हलका जोर लावतो, थेरपिस्ट तो अडवतो, मग स्नायू ढिला सोडायचा. कवटीवरच्या हलक्या स्पर्शाच्या उपचाराला पुरावा तोकडा आहे.

डॉक्टर की नाही? इथेच घोळ होतो. अमेरिकेतील ‘डी.ओ.’ (ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले) पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधे लिहितात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ तसे नसतात. त्यांची नोंदणी १९९३ च्या कायद्याने होते. भारतात ऑस्टिओपॅथीसाठी वेगळा कायदा नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात येतात. म्हणून आधी मूळ पदवी आणि नोंदणी विचारावी. गल्लीतला हाडवैद्य ऑस्टिओपॅथही नव्हे आणि फिजिओथेरपिस्टही नव्हे.

जवळची सोय: परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे. चर्नी रोडहून लोकलने प्रभादेवी, पुढे चालत.

आधी सांगा:
• हाडे ठिसूळ, अलीकडे पडणे, कर्करोग
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या
• गरोदरपण

थेट रुग्णालय गाठा: लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणे, मानदुखीसोबत अचानक चक्कर वा बोलणे अडखळणे.