गाळ्यांचा स्लॅब गळतोय? वरून थर टाकण्याआधी खालची सळई तपासा

मृग जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात एक विषय ठरलेला असतो. मशिदीच्या आवारात, रस्त्याच्या बाजूला पाच गाळे आहेत. त्यांचा स्लॅब गळतो. भाडेकरू तक्रार करतात, कमिटी बसते, चंदा जमतो, मिस्त्री येतो आणि वर आणखी एक थर टाकून जातो. दोन पावसाळे बरे जातात. तिसऱ्याला पुन्हा तेच.

कमिटीचा हिशेब लिहायचं काम माझ्याकडे आहे. जुन्या वह्या चाळताना लक्षात आलं की त्याच स्लॅबवर आपण तीनदा खर्च केला आहे. पण एकदाही कोणी खाली उभं राहून छत ठोकून पाहिलं नव्हतं. मग एका दुपारी शिवणकामाच्या दुकानात छताचा हातभर पोपडा मशीनवर पडला. कारागीर जोहरच्या नमाजला गेला होता म्हणून वाचला. त्यानंतर आम्ही इंजिनिअर बोलावला. त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते इथे सोप्या भाषेत मांडतो. कारण हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. गाळ्यांच्या भाड्यावर इमामसाहेबांचा पगार, लाइट बिल आणि कित्येक ठिकाणी मुलांची फीदेखील चालते.

नगरचं छत आणि कोकणचं छत

आपल्या जिल्ह्यात सपाट छत नवीन नाही. आपल्या आजोबांची घरं धाब्याचीच होती. लाकडी तुळया, त्यावर किलचन आणि वर पांढरी माती. पावसाळ्याआधी माती टाकायची, चोपायची आणि पन्हाळी साफ करायची, हे दरवर्षीचं काम होतं. स्लॅब आला आणि आपण समजलो की आता देखभाल संपली. तिथेच चूक झाली.

पाऊस कमी म्हणून आपण बेफिकीर राहतो. अकोल्याचा घाटाकडचा भाग सोडला तर नगर शहरात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. पण आपल्याकडे मारतं ते ऊन. मे महिन्यात भर दुपारी आणि पहाटे स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. ५० फूट लांबीचा स्लॅब तेवढ्याने साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतो. रोज हे चाललं की कठड्याच्या बुडाशी आणि जोडावर चिरा पडतात. मग सप्टेंबरचा परतीचा पाऊस एकदम कोसळतो आणि त्याच चिरांतून आत शिरतो.

कोकणात दुखणं वेगळं. तिथे हवेतच मीठ आहे. रत्नागिरी, दापोली, मुरुडला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी पाहिलं असेल, दहा-पंधरा वर्षांच्या इमारतीचंही छत फुगून सळया बाहेर दिसतात. म्हणूनच काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या हवेत सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे, तर समुद्रकिनाऱ्याच्या हवेत ४५ मिलिमीटर. काँक्रीटही जास्त ताकदीचं लागतं.

सळई गंजते कशी

हे आम्ही शाळेत शिकवतो तेच विज्ञान आहे. ताजं काँक्रीट आम्लारिधर्मी असतं, त्याचा सामू साडेबाराच्या आसपास. अशा वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बनतो आणि गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि सामू खाली आणतो. तो नऊच्या खाली गेला की संरक्षण संपलं. मीठ तर सामू कमी व्हायचीही वाट पाहत नाही, थेट तो थर फोडतं. त्यात गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. तो फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणजे जो पोपडा पडतो तो निव्वळ गिलाव्याचा दोष नसतो. आतली सळई फुगल्याची ती खूण असू शकते. अशा पोपड्यावर नुसतं प्लास्टर मारणं म्हणजे तापाच्या रुग्णाला नवा सदरा घालणं.

मीठ कोकणातच असतं असंही नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरला पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन आला आणि माणसं गेली. त्या भागातल्या १९९०च्या दशकातल्या बांधकामांत निकृष्ट रेती वापरल्याची चर्चा तेव्हा बरीच झाली. बोअरचं खारं पाणी किंवा न धुतलेली खारी रेती वापरली तर नगरमध्येही तेच होऊ शकतं.

थरावर थर: वजनाचा हिशेब

इंजिनिअरनी आमच्याकडे सर्वात आधी विचारलं ते हेच, "वर किती कोबे आहेत?" उत्तर होतं तीन.

आता हिशेब करा. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा एका चौरस मीटरला साधारण १८० किलो भरतो. आमच्या पाच गाळ्यांचं छत ७० चौरस मीटर, म्हणजे एका थराचे साडेबारा टन. माणसांची ये-जा असलेलं सपाट छत डिझाइन करताना त्यावरचा वापराचा भार चौरस मीटरला १५० किलो धरतात. पहिला कोबा सहसा मूळ हिशेबात असतो. दुसरा आणि तिसरा नसतो. शिवाय पाणी साचलं तर त्याचंही वजन: दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला आणखी ५० किलो. वर पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, जाहिरातीचा फलक.

म्हणजे छत वाचवायला म्हणून दिलेल्या चंद्यातून आपण गंजलेल्या सळईवर पंचवीस टन जादा चढवले होते. नियत नेक होती, पण स्लॅबला नियत कळत नाही.

मरम्मत की नवा स्लॅब?

आधी गळतीचं मूळ शोधा. कडक उन्हाळ्यातही ओल असेल तर दोष टाकीचा, नळाचा किंवा एसीच्या पाण्याचा असू शकतो. पावसातच गळत असेल तर कठड्याचा जोड, पाइपचं तोंड आणि फलकासाठी पाडलेली भोकं आधी पाहा.

मग खालून लाकडी हातोडीने छत ठोका. ठणठणीत आवाज आला तर बरं. पोकळ, भद्द आवाज आला तर त्या जागी खडूने खूण करा. हे काम शिडीवर, जाणत्या माणसाने आणि दुकान रिकामं करून करायचं.

यापुढची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. हातोडी चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी यांतून काँक्रीटचा दर्जा कळतो. एक चाचणी तर दहावीच्या प्रयोगशाळेतली आहे: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतंय. रंग आलाच नाही तर रक्षण संपलं.

ढोबळ निर्णय असा. सळई शाबूत आणि चिरा वरच्या थरात असतील तर वॉटरप्रूफिंग पुरतं. ठरावीक जागी गंज असेल तर सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गरज पडेल तिथे नवी जोडून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने दुरुस्ती होते. पण स्लॅब मध्ये वाकला असेल, सळईची जाडी ठिकठिकाणी चतुर्थांशाने घटली असेल किंवा तुळईलाच सळईच्या रेषेत लांब चिरा असतील, तर नवा स्लॅब टाकण्याचाच विचार करावा लागतो. असं दिसलं की त्याच दिवशी टाक्या रिकाम्या करा, खाली टेकू लावा आणि गाळा बंद ठेवा. चार दिवसांचं भाडं बुडालं तर बुडू द्या.

कोणती पद्धत कुठे

• कोबा: नगरच्या उन्हाला चांगला, पण जुना काढूनच नवा. त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले तर ऊनही परावर्तित होतं.
• डांबरी शीट: हलकी आणि पाणी पक्कं अडवणारी. पण जोड नीट वितळवून चिकटवावे लागतात, आणि उघडी ठेवली तर उन्हात लवकर कडक होते.
• रबरी किंवा अ‍ॅक्रिलिक कोटिंग: वजन नगण्य. पण पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा, आणि काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो.
• वर पत्र्याची शेड: पाऊस अडतो, पण आधीच गंजलेली सळई बरी होत नाही. वाऱ्याचा ताण आणि महापालिकेची परवानगी, दोन्ही आधी विचारात घ्या.

पद्धत कोणतीही असो, उतार हवाच. शंभर फुटाला किमान एक फूट. कठड्याच्या बुडाशी सिमेंटची गोलाई हवी, आणि पाणी जायला एकच पाइप कधीही नको. एक तुंबला तर दुसरा हवा.

कमिटीने लिहून घ्यायच्या गोष्टी

इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर महापालिका हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तपासणारा इंजिनिअर आणि काम घेणारा ठेकेदार वेगवेगळे ठेवा. जो कोटिंग विकतो, त्याला प्रत्येक छताला कोटिंगच हवं असं वाटतं.

ठेकेदाराकडून जुना थर काढण्याचं काम, साहित्याचं नाव, जाडी आणि हमीची वर्षं लेखी घ्या. शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतरच द्या: पाइपांची तोंडं बंद करून एक-दोन इंच पाणी किमान २४ तास उभं ठेवायचं आणि खालून पाहायचं. मात्र स्लॅब कमकुवत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नका.

स्लॅब पाडायचा असेल तर भाडेकरूंशी आधी बसा. काम किती महिने चालेल, तोच गाळा परत मिळेल का, भाडं काय राहील, हे कागदावर आणा. मालमत्ता वक्फची असेल तर ठराव आणि वक्फ मंडळाशी पत्रव्यवहार फाइलला हवा. निम्मे वाद कागद नसल्यामुळेच होतात.

आमच्या गाळ्यांचं म्हणाल, तर दोन जादा थर उतरवले, तीन ठिकाणी सळई दुरुस्त झाली आणि एका गाळ्याचा स्लॅब नव्याने टाकावा लागला. खर्च जास्त झाला. पण तीनदा वाया गेलेल्या रकमेची बेरीज केली तर फार जास्त नाही.

आपल्या शहरात किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, १५६७च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एक-एक दमडी देऊन ती उभारली, असं सांगतात. चंद्याचा पैसा आजही तसाच दमडी-दमडीने येतो. तो अमानत आहे. म्हणून या वर्षी मृगाच्या आधी वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी एकदा गाळ्यात उभे राहून वर बघा, आणि छत ठोकून ऐका.