ऊन एकच, मग दगावतो कोण?

एप्रिल उजाडला की दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, ऊन लागू नये म्हणून काय घ्यावे?" ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी हे मी सांगतोच. (खिशातल्या कांद्याने काही होत नाही, हे सांगून मात्र माझाच घसा कोरडा पडतो!) परंतु उष्माघाताने नेमके कोण दगावते, याचे पुरते उत्तर आमच्या वैद्यकाच्या पुस्तकांत नाही. ते समाजशास्त्राला विचारावे लागते.

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पारा ४१ अंशांवर गेला. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त मेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावून २००२ साली पुस्तक लिहिले. उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल या तेथील दोन लगतच्या वस्त्या. दोन्हीकडे गरिबी, एकट्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखे. तरी उत्तरेकडे मृत्यूचे प्रमाण सुमारे दहापट! तेथे कारखाने बंद पडले होते, दुकाने उठली होती, रस्ते ओस होते. गुन्हेगारीच्या धास्तीने म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसली आणि तशीच गेली. दक्षिणेकडे रस्ता गजबजलेला होता, त्यामुळे वृद्ध बाहेर पडत, दुकानात टेकत. आणखी एक गोष्ट : एकट्या राहणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका जास्त, पण मृत्यूचे प्रमाण पुरुषांत अधिक. पुरुषांचा गोतावळा आधीच तुटलेला होता.

हे आपल्यापासून लांब नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णतेसाठी खास आराखडा झाला. हवामान बदलामुळे असे उन्हाळे वाढणार, हे आता शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात.

तेव्हा आपल्या आळीत पाहा. मुले पुण्या-मुंबईला आणि आजोबा पत्र्याच्या खोलीत एकटे, असे घर कोणते? म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर धोका वाढतो. दुपारी कडी वाजवून चौकशी करा. बोलणे असंबद्ध वाटले, अंग भाजत असले, तर ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत लगेच रुग्णालयात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.